लताबाईंचा माईक, चालू कंडिशनमध्ये

नायगावपासून विरारपर्यंत कुणाच्याही माळ्यावरून जुना माईक खाली उतरला, की तो लताबाईंचा असतो. क्वचित रफीसाहेबांचा. तलत किंवा मन्ना डे यांच्या वाट्याला माईक येत नाहीत, आणि कोरसमधल्या एखाद्या बाईंचा म्हणून माईक विकायला काढलेला अजून कुणी पाहिलेला नाही. सांगणारा खोटं बोलत असतो असंही नाही. त्याला हे वडिलांनी सांगितलेलं असतं, वडिलांना ज्यानं माईक विकला त्यानं सांगितलेलं असतं, आणि ज्यानं विकला त्याला तो विकायचा होता.

हीच गोष्ट नागपुरात सांगितली तर लोक हसतील. आपल्याकडे हसायची सोय नाही, कारण भूगोल विकणाऱ्याच्या बाजूला आहे. बॉम्बे टॉकीज १९३४ साली उभी राहिली ती मालाडला, म्हणजे आपल्याच लाईनीवर. १९४९चा ‘महल’ तिचाच. त्यातल्या गाजलेल्या गाण्याला लांबून जवळ येणारा आवाज हवा होता, म्हणून लताबाईंना खोलीच्या कोपऱ्यात उभं केलं आणि गात गात माईकपर्यंत चालत यायला सांगितलं, हा किस्सा पुढे त्यांनीच सांगितलेला आहे. म्हणजे गाणं होतं, खोली होती, खोलीत माईक होता, इथवर सगळं खरं. पुढे पन्नासच्या दशकात कंपनी बंद पडली. बंद पडलेल्या कंपनीचं सामान कुठेतरी जाणारच. ते मालाडहून निघून विरारलाच का आलं, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार असतं: ‘तिकडे जागा परवडत नव्हती.’ इथल्या निम्म्याअधिक माणसांचा इतिहास हाच असल्यामुळे माईकचाही कुणाला खटकत नाही.

पण माईकचं वय तोंडाकडून ओळखायचं नसतं, शेपटीकडून ओळखायचं असतं. बुडाशी तीन पिना असतील आणि मिक्सरवरचं ‘४८ व्होल्ट’ लिहिलेलं बटण दाबल्यावरच तो जिवंत होत असेल, तर त्याला फँटम पॉवर लागते. ही ४८ व्होल्टची पद्धत आली १९६६ साली. नॉर्वेच्या रेडिओला ट्रान्झिस्टरवर चालणारे माईक हवे होते. त्यांच्या स्टुडिओत दिवे गेल्यावरच्या सोयीसाठी ४८ व्होल्टची वीज आधीच फिरवलेली होती. बर्लिनच्या नॉयमन कंपनीनं तीच माईकला जोडून टाकली. नॉर्वेतल्या अंधाराचा आकडा आज वसईतल्या प्रत्येक मिक्सरवर छापलेला आहे. तेव्हा ‘महल’ हा भुताटकीचा चित्रपट होता हे मान्य, पण हे फँटम त्यानंतर सतरा वर्षांनी आलं.

हे सांगितलं की विकणारा जरा थांबतो. माईक उलटासुलटा करून बघतो. मग म्हणतो, “मग रफीसाहेबांचा असेल.”

खरं तर वसईला पक्क्या दाखल्याची सवय असायला हवी. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून किल्ला घेतला, तेव्हा इथल्या चर्चमधल्या घंटा देशावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला आहे. पोर्तुगीज घंटेवर क्रूस असतो, ओतल्याचं साल असतं, त्यामुळे ती कुणाची हे पुजाऱ्याला सांगावं लागत नाही. माईकवरही अनुक्रमांक असतो आणि त्यावरून त्याचा जन्म बराचसा सांगता येतो. पण आपल्याकडे आलेल्या माईकची नेमकी तीच पट्टी घासली गेलेली असते. कुणीतरी मायेनं रंग दिलेला असतो. तोही सोनेरी.

अस्सल चीज म्हणजे काय, ते एकदा सांगून टाकतो. नॉयमनचा ‘यू ४७’. नावात ४७ असला तरी बाजारात आला १९४९ साली. त्याच्या पोटात ‘व्हीएफ १४’ नावाचा टेलिफंकनचा व्हॉल्व्ह असतो. तो व्हॉल्व्ह बनवणं पन्नासच्या दशकाच्या अखेरीस बंद झालं, आणि जगात उरलेल्या नगांवर सगळा खेळ चालू आहे. चांगल्या स्थितीतल्या या माईकची किंमत दहा हजार डॉलरच्या पुढे जाते, म्हणजे वसई पूर्वेला एखाद्या जुन्या चाळीतल्या खोलीचं बोलणं सुरू होईल इतकी. त्या खोलीला निदान खिडकी असते. माईकच्या आवरणाखाली जो पडदा असतो, तो केसाहून कितीतरी पातळ. पहिल्या काळात तो पीव्हीसीचा असे, आणि पीव्हीसी वयानुसार वाळून कडक होतं. म्हणजे या माईकच्या बाबतीत ‘कधीच वापरलेला नाही, पेटीबंद आहे’ ही जाहिरात फारशी उपयोगाची नाही. तो न वापरताही म्हातारा होतो. सरकारी खात्यात हे आपण पाहतोच.

याच्या उलट बाजूला आहे तो दिसायला जुना माईक. उभ्या पट्ट्यांची चंदेरी जाळी, मधेच एक पट्टा, एल्व्हिस प्रेस्लीच्या फोटोत असतो तो. मूळचा शुअर कंपनीचा, १९३९ सालच्या घडणीचा. त्याच्या नकला आता ढिगानं मिळतात आणि वसईच्या किल्ल्यात प्री-वेडिंगच्या शूटिंगला हटकून हजर असतात. आत काहीच नसतं. दगडी कमानीखाली नवरदेव जीव तोडून त्यात गातो, ड्रोन वरून घिरट्या घालतो, गाणं मागाहून चिकटवतात. दोन पावसाळ्यांनी तोच माईक ‘जुना अमेरिकन पीस’ म्हणून विकायला येतो, कारण एवढ्या अवधीत खाऱ्या वाऱ्यानं त्याला पन्नास वर्षांचा गंज चढवलेला असतो. परदेशात नव्या वस्तूला जुनी करायला कारागिराला पैसे मोजावे लागतात. आपल्याकडे हे काम अरबी समुद्र फुकट करतो.

आता कंडिशन. जुन्या माईकच्या कंडिशनचे आपल्याकडे चार दर्जे आहेत, आणि ते नीट समजून घेतले नाहीत तर फसगत ठरलेली. पहिला, ‘एक नंबर’. याचा अर्थ विकणाऱ्यानं तो लावून बघितलेला नाही. दुसरा, ‘चालू कंडिशन’. याचा अर्थ विकणाऱ्याच्या मेव्हण्यानं लावून बघितला होता, तेव्हा मेव्हण्याचं लग्न झालेलं नव्हतं. तिसरा, ‘थोडं काम आहे’. म्हणजे आतून काहीतरी खुळखुळतं. आणि चौथा, सगळ्यांत भयंकर, ‘काही नाही, फक्त वायर बदलायची’. ज्या माईकची फक्त वायर बदलायची असते त्याचा पडदा गेलेला असतो, व्हॉल्व्ह फुटलेला असतो, पॉवर सप्लायची पेटी दुसऱ्याच घरी असते, आणि वायर तेवढी शाबूत असते.

पॉवर सप्लायवरून आठवलं. व्हॉल्व्हचा माईक एकटा कधीच येत नाही. त्याला त्याची खास पेटी लागते, खास बहुपिनी केबल लागते, खास लटकन लागतं, आणि या सगळ्याशिवाय तो अर्ध्या किमतीचाही नाही. भाऊबंदकीत नेमकी याचीच वाटणी होते. थोरल्याकडे माईक, धाकट्याकडे पेटी. केबलवर गच्चीत कपडे वाळत घातलेले असतात.

नायगावच्या बाजारात कोळीणबाई गिऱ्हाइकानं विचारायच्या आत पापलेटाचे कल्ले उचलून दाखवते, तसं माईकच्या बाबतीत कुणी करत नाही. जाळी उघडू म्हटलं की विकणारा दुखावतो. “साहेब, विश्वास नाही का?” विश्वास आहे हो, पण बॅटरीही आणली आहे. जाळी उघडून आत उजेड टाकला की बरंच काही कळतं. पडद्यावर डाग आहेत का, बुरशी आहे का, कुणी कापसानं पुसायचा पराक्रम केलाय का. जाळीच्या आत स्पंज असतो, त्याचा बोट लावताच भुगा होतो. आणि वास येतो. मंडपवाल्याकडून आलेल्या माईकच्या जाळीत महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाचा गाळ साचलेला असतो. तंबाखू, सुपारी, आभारप्रदर्शन, लिपस्टिक, ‘दोन शब्द बोलून मी माझी रजा घेतो’ म्हणून पाऊण तास बोललेल्यांची थुंकी. पुरातत्त्ववाल्यांनी खरं तर इथंच उत्खनन करायला हवं. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी नालासोपाऱ्याला आले ते स्तूप उकरायला, आणि त्यांना करंडक सापडले. त्या वेळी सभेत माईक नव्हते, नाहीतर काम वाढलं असतं.

माईक तपासण्याची आपली राष्ट्रीय पद्धत तीन पायऱ्यांची आहे: टिचकी, फुंकर, हॅलो. गणपती असो, प्रचारसभा असो, चर्चच्या पटांगणातला सणाचा कार्यक्रम असो, पहिला माणूस स्टेजवर चढतो तो हेच करतो. मंडपवाल्याच्या आहुजाला याची सवय आहे. दिल्लीची ही कंपनी १९४० पासूनची, आणि तिच्या माईकनं या देशात जितक्या टिचक्या खाल्ल्या तितक्या कॅरमच्या सोंगटीनंही खाल्ल्या नसतील. शुअरचा १९६६ सालचा ‘एसएम ५८’ही तसाच दणकट. त्याची नक्कल ओळखायला तर स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. अस्सल २९८ ग्रॅम भरतो, नक्कल बहुधा हलकी निघते.

पण हीच त्रिसूत्री रिबन माईकवर चालवली की प्रकरण संपलं. रिबन माईकमध्ये ॲल्युमिनियमची एक पट्टी चुंबकाच्या दोन टोकांमध्ये टांगलेली असते. जाडी सुमारे दोन मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन. अशा पट्टीवर, सकाळी पोहे खाऊन आलेल्या माणसानं छातीभरून फुंकर मारली, की ती ताणून लोंबायला लागते, आणि तिसऱ्या पायरीचं ‘हॅलो’ घ्यायला ती शिल्लक राहत नाही. मग संवाद होतो तो असा:

“बंद आहे काका.”

“आत्ता चालू होता!”

“मी फक्त फुंकलं.”

“अरे, फुंकलंच कशाला? तुझ्या बापाचा वाढदिवस आहे का?”

काकांचं म्हणणं शास्त्राला धरून असतं. खरी पद्धत वेगळी आहे आणि तिला खर्च नाही. माईकपासून हातभर अंतरावर किल्ल्यांचा जुडगा वाजवायचा. किल्ल्यांचा बारीक छणछणाट स्वच्छ आला तर पडदा शाबूत, आणि पत्र्याचा डबा हलवल्यासारखा चुरचुरत आला तर पैसे खिशातच ठेवायचे. मग बोलत बोलत माईकला प्रदक्षिणा घालायची. रिबन माईक पुढून आणि मागून सारखंच ऐकतो, डावीउजवीकडून मात्र ठार बहिरा असतो. स्टुडिओतले बरेचसे मोठे माईक एकाच अंगानं ऐकतात, आणि ते अंग म्हणजे टोक नव्हे. ज्या बाजूला कंपनीचा बिल्ला, त्या बाजूनं गायचं. आपल्या माणसाचा हात मात्र पाच दशकं आईस्क्रीमच्या कोनासारख्या माईकला सरावलेला. तो उभ्या माईकच्या डोक्यावर तोंड नेऊन ‘हॅलो’ म्हणतो, आवाज लांबून आल्यासारखा येतो, आणि लाखाचा माईक ‘जरा दबलाय’ म्हणून पाच हजारांत मागितला जातो. असा गैरसमज झालेलं गिऱ्हाईक समोर असेल तर विकणाऱ्यानं जपावं. आणि असाच गैरसमज झालेला विकणारा समोर असेल तर गिऱ्हाइकानं चेहरा पाडून पाच हजार मोजावेत.

वसईच्या माईकला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, जो बर्लिनमध्ये कुणी विचारत नाही: पुरात होता का? जुलै २०१८मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या, वसईत वीज गेली. तळमजल्यावरच्या वस्तूंचा इतिहास तेव्हापासून दोन भागांत पडला आहे. कंडेन्सर माईकचं तर दमट हवेशीच वैर. त्याच्या पडद्यावर विजेचा भार तोलून धरलेला असतो. हवेतला ओलावा आत शिरला की तो भार झिरपायला लागतो आणि माईक आपणहून चरचरतो, मध्येच पापड मोडल्यागत आवाज करतो. उपाय म्हणजे हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. इथल्या घराघरांत मोबाईलच्या अनुभवावरून तांदळाचा डबा वापरतात. जाळीत कणी जाते, पडद्यावर पीठ बसतं, आणि मग गिऱ्हाइकाला सांगितलं जातं, “काही नाही, फक्त वायर बदलायची.”

याहून मोठं संकट म्हणजे घरातली स्वच्छता. माईक विकायचा ठरला की आदल्या रात्री आजी तो चिंचेनं घासायला घेतात. वांद्र्याहून आलेला संग्राहक दारातच मटकन बसतो. त्याला तो सत्तर वर्षांचा मळकट थर हवा असतो. त्याच थराचे अर्धे पैसे होते. आजींना हे समजावणं अशक्य आहे. “घाणीचे पैसे देतोस?” हा त्यांचा प्रश्न अर्थशास्त्रात अजून सुटलेला नाही.

इतकं सगळं करून शेवटी खरी परीक्षा राहतेच. जुना माईक कसा बोलतो यापेक्षा तो गप्प कसा बसतो, हे बघायचं असतं. कानाला हेडफोन लावायचा, आवाज पूर्ण वाढवायचा, आणि समोर कुणीही काहीही बोलायचं नाही. चांगल्या माईकमधून बारीकसा एकसारखा श्वास ऐकू येतो. खराब माईक गुणगुणतो, चरचरतो, पुटपुटतो. कारखान्यातही हेच बघत. ‘व्हीएफ १४’च्या ढिगातून जे व्हॉल्व्ह सर्वांत शांत, तेवढे निवडून त्यांच्यावर ‘एम’ असा शिक्का मारत आणि तेच माईकसाठी ठेवत. म्हणजे ज्या यंत्राचं सगळं नाव आवाजामुळे झालं, त्याची निवड शांततेवरून व्हायची.

आता ही शांतता वसई-विरारमध्ये आणायची कुठून? विरार पश्चिमेला ग्लोबल सिटीत एका वन बीएचकेच्या बेडरूममध्ये एका पोरानं स्टुडिओ थाटला आहे. कोळीगीतं, हळदीची गाणी, भक्तिगीतं, सगळं तिथे होतं. भिंतींवर आईच्या गोधड्या आहेत. माईक ऐकायला आम्ही तिथे जमलो ते रात्रीच. आधी सोसायटीचा पंप चालू होता. तो थांबला तर पाण्याचा टँकर आला. टँकर गेला तर वॉचमननं आपण जागे असल्याची शिट्टी मारली, ती कुत्र्यांना पटली नाही. कुत्री शमल्यावर कुठल्यातरी हळदीतला डीजे ऐकू यायला लागला. त्या डीजेवर याच पोराचं गाणं वाजत असल्यामुळे त्याला तक्रारही करता येईना. शेवटची लोकल कारशेडला गेली आणि पहिली सुटायची होती, त्या मधल्या फटीत एकदाची शांतता सापडली. पोरानं बोट ओठांवर ठेवलं. हेडफोनमध्ये बारीक, स्वच्छ, एकसारखा श्वास. माईक खरोखर चांगला होता. लताबाईंचा नव्हता, १९४९चा नव्हता, पण चांगला होता. आणि तेवढ्यात माईकचे मालक असलेले मंडपवाले काका गोधडीला टेकून म्हणाले, “काय, ऐकू येतंय ना लताबाईंचा आवाज?”

माईकची हालत तो गप्प असताना कळते, आणि किंमत माणसं बोलत असताना ठरते. ही दोन कामं एका खोलीत एका वेळी होऊच शकत नाहीत, म्हणून एकाच माईकला तीन किमती असतात. भंगारवाल्याची किंमत किलोवर. पितळ किती, लोखंड किती, चुंबकाचे वेगळे. आरसीएचा जुना ‘४४’ रिबन माईक चारएक किलोचा, त्यामुळे त्याला तो फार आवडतो, आणि ‘यू ४७’ हलका म्हणून तो त्याला नाक मुरडतो. संग्राहकाची किंमत पेटी, केबल, अनुक्रमांक आणि मळावर. आणि मालकाची किंमत, मुलीच्या लग्नाला किती कमी पडतात त्यावर. तिसरी किंमत सर्वांत प्रामाणिक असते आणि तिचा माईकशी काही संबंध नसतो.

त्या पहाटे बोलणी झाली. पोरानं जुळवाजुळव करून आकडा सांगितला. तो काकांच्या अंदाजाच्या चौपट होता. काकांनी चहा संपवला, माईक हातरुमालात गुंडाळला, रुमाल पिशवीत टाकला आणि चप्पल पायात सरकवली.

“काका, पैसे आत्ता देतो ना.”

“अरे, विकायचाय कुणाला? किती येतात ते बघत होतो.”

आता काकांनी लताबाईंचं नाव घेणं सोडून दिलं आहे. त्याची गरजच उरली नाही. माईक बघायला कुणीही आलं, की ते फक्त एवढंच सांगतात: “विरारच्या स्टुडिओवाल्यानं रोख मोजायला काढले होते, नाही दिला.” ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. मागच्या वेळेपेक्षा किंमत थोडी वर गेलेली असते, आणि या खेपेला सांगितलेल्या गोष्टीतला प्रत्येक शब्द खरा असतो.